‘तू डिरेक्ट केलंस तर मॅनेज कोण करणार?’

पत्राचा सारांश

वय २९, मूळची साताऱ्याची, नोकरीसाठी पुण्यात. कॉलेजच्या एकांकिकांमध्ये जमलेला नऊ जणांचा ग्रुप अजून टिकून आहे. गेल्या पावसाळ्यात या ग्रुपने ४८ तासांत शॉर्ट फिल्म करायच्या स्पर्धेत पहिल्यांदा भाग घेतला. शुक्रवारी संध्याकाळी फिल्मच्या प्रकाराची चिठ्ठी निघाली, कथेवर एकमत व्हायला पहाटेचे चार वाजले. शनिवारी शूटिंग दुपारी सुरू झालं, दोन रात्री कुणी झोपलं नाही आणि रविवारी एक्सपोर्ट, म्हणजे तयार फिल्मची फाइल काढणं, ९७ टक्क्यांवर असताना मुदत संपली. फिल्म पडद्यावर दाखवली गेली, टाळ्याही पडल्या, पण बक्षिसाच्या शर्यतीत ती नव्हती. ग्रुपमधल्या दोघांची बोलचाल तेव्हापासून बंद आहे. वाचक लिहिते, ‘मी तेव्हा मॅनेजमेंट बघितली. डबे, सोसायटीची परवानगी, कोण कुणाच्या गाडीवर बसणार, सगळं. यंदा मला डिरेक्ट करायचंय. ग्रुपमध्ये तसं बोलले, तर आमचा नेहमीचा डिरेक्टर म्हणाला, तू डिरेक्ट केलंस तर मॅनेज कोण करणार? सगळे हसले, मीही हसले. स्पर्धेला चार आठवडे आहेत. हट्ट धरला तर ग्रुप फुटेल. गप्प बसले तर आतून धुमसत राहीन. वेगळी टीम करू का? की मी कधी डिरेक्शन केलेलंच नाही, तर हा नाद सोडू?’

उत्तर

तू पत्रात मला ताई म्हटलंयस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते.

पत्राच्या मध्यावर तू ओघात एक प्रसंग लिहून गेली आहेस. शनिवारी गच्चीवरचा सीन सुरू असताना पाऊस आला. सगळे कॅमेऱ्यावर ताडपत्री धरून उभे, आणि डिरेक्टर ‘थांबेल, थांबेल’ म्हणतोय. तू तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात गेलीस, खिडकीपाशी उभी राहिलीस आणि म्हणालीस, इथे करू. नायिका खाली उतरताना खिडकीपाशी थांबते, पाऊस मागे दिसू दे. तिथे खालच्या घरातला कुकर शिट्ट्या द्यायला लागला, तर त्या काकूंकडे जाऊन अर्धा तास गॅस बंद ठेवायला तू त्यांना राजी केलंस. वरण कच्चं राहिलं तर आमच्या डब्यातलं देते, असंही सांगून आलीस. आणि प्रेक्षकांना आवडलेला तेवढाच एक सीन, हेही तूच लिहितेस. पुढच्याच ओळीत म्हणतेस, मी कधी डिरेक्शन केलेलं नाही.

मग जिन्यात काय केलंस गं? पात्राला कुठे उभं करायचं, मागे काय दिसू द्यायचं, अडचणीचा सीनसाठी कसा उपयोग करायचा, हे सगळं तू ठरवलंस. तुझ्या मित्राने ‘अ‍ॅक्शन’ म्हटलं असेल.

पण तुला नुसतं चढवून ठेवावं असं मला वाटत नाही. एक सीन सुचला म्हणजे दिग्दर्शन जमलं असं होत नाही. नट तिसऱ्या टेकलाही तीच चूक करतो तेव्हा त्याला काय सांगायचं, आणि काय सांगायचं नाही. डीओपी, म्हणजे कॅमेरा आणि लाइट बघणारा, लाइटसाठी आणखी वीस मिनिटं मागतो तेव्हा द्यायची की नाही. स्वतः लिहिलेला आवडता संवाद एडिटवर जड वाटला तर कापायचा की नाही. हे जमतं का, ते तुला अजून माहीत नाही, मलाही नाही. ते कळायला एक स्वस्त मार्ग आहे, त्याच्याकडे येतेच.

त्याआधी गेल्या वर्षीचं बघू. पत्राचा सूर असा आहे की तुझ्या मित्राने फिल्म बुडवली. मला तसं दिसत नाही. पहाटे चारपर्यंत कथा ठरली नाही, कारण नऊच्या नऊ जणांना ती पटायला हवी होती. शेवटचा शब्द कुणाचा, हे तुमच्यात कधी ठरलेलंच नव्हतं. त्याच्या जागी तू असतीस तरी चारच वाजले असते, कदाचित पाच. म्हणजे यंदा नुसती खुर्ची बदलली आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर रविवारी संध्याकाळी तोच गोंधळ तुझ्या नावावर जमा होईल, आणि मग ‘बघ, म्हणून म्हणत होतो’ हे ऐकावं लागेल. तेव्हा मागायचंच असेल तर खुर्चीबरोबर कामाची पद्धतही बदलून माग.

ही सर्वांना विचारायची सवय तुम्हाला कुठून लागली ते मला दिसतं. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने पुण्यातल्या कॉलेजांना एकांकिकेची एक रीत लावून दिली आहे. पावसाळाभर तालमी, तालमीनंतर कट्ट्यावर चहा, आणि बॅकस्टेजच्या पोरापासून लीडपर्यंत प्रत्येकाचं मत. ती फार चांगली रीत आहे, कारण तिथे उद्या पुन्हा तालीम असते. आज चुकलेला निर्णय परवा फिरवता येतो. ४८ तासांत तो ‘परवा’ नसतो. शुक्रवारी रात्री घेतलेला बरा निर्णय शनिवारी पहाटे सुचलेल्या उत्तम निर्णयापेक्षा कामाचा असतो, हे नाटकवाल्यांच्या पचनी पडायला वेळ लागतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००१ साली वॉशिंग्टन डीसीत मार्क रुपर्ट आणि लिझ लँगस्टन यांनी ‘४८ अवर फिल्म प्रोजेक्ट’ सुरू केला, तो एवढंच बघायला की ४८ तासांत केलेली फिल्म निदान बघवेल का. बघवली, आणि स्पर्धा जगभर पसरली. आपल्याकडे २०११ पासून इंडिया फिल्म प्रोजेक्टने ५० तासांचं आव्हान रुजवलं. ४८ तासांच्या स्पर्धेत शुक्रवारी संध्याकाळी फिल्मचा प्रकार चिठ्ठीने ठरतो, आणि एक पात्र, एक वस्तू, एक संवाद सर्व टीमना सारखाच मिळतो. फिल्म ४ ते ७ मिनिटांची. लेखन, शूटिंग, एडिटिंग त्या मुदतीतच करायचं. माणसं आणि सामान जमवणं, जागा बघून ठेवणं मात्र आधी चालतं. उशिरा आलेली फिल्म दाखवतात, पण मुख्य बक्षिसासाठी धरत नाहीत. तुमचं झालं ते हेच.

या नियमांत तुझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दडली आहे. शुक्रवारच्या आधी जे करायला परवानगी आहे, ते सगळंच्या सगळं ‘मॅनेजमेंट’ आहे. म्हणजे स्पर्धेचा निम्मा निकाल ज्या कामावर लागतो, ते काम गेल्या वर्षी तुझ्याकडे होतं. त्याला ग्रुपमध्ये किंमत नाही, ही तक्रार मला पटते. पण हळूहळू तूही ते काम हलकं मानायला लागली आहेस, तिथे मी तुला अडवते. फाळके १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चं काम करत होते तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या युनिटचा स्वयंपाक करत होत्या, कच्च्या फिल्मला भोकं पाडत होत्या, ती धुण्यात हात लावत होत्या, आणि शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत होत्या. आजच्या भाषेत प्रॉडक्शन, लॅब आणि रिफ्लेक्टर, तिन्ही एका बाईकडे. ती फिल्म त्यांच्याशिवाय झाली असती असं कोण म्हणेल? मात्र त्यांना स्वतःला काय करायला आवडलं असतं, हे त्या वेळी कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. तुला मी विचारते: तुला डिरेक्शन हवंय, की तुझ्या कामाची दखल हवीय? दोन्ही मागणं रास्त आहे, पण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. दखलच हवी असेल, तर प्रोड्यूसर म्हणून अधिकार माग. वेळापत्रकावर शेवटचा शब्द तुझा, आणि फिल्मवर तुझं नाव ‘विशेष आभार’ मध्ये न जाता वर, स्वतंत्र. काही जणींना खरं तर तेच हवं असतं, आणि डिरेक्शन मिळाल्यावर सेटवर त्या कासावीस होतात. तुझं पत्र वाचून मला वाटतं, तुला डिरेक्शनच हवंय. जिन्यातल्या त्या खिडकीबद्दल तू ज्या असोशीने लिहिलंस त्यावरून. पण हे तू ठरव.

आता त्या प्रश्नाकडे ये, ज्यावर सगळे हसले. त्यात टोमणा होता की नाही, मला माहीत नाही. प्रश्न मात्र खरा आहे. मॅनेज कोण करणार? याचं उत्तर तुझ्याकडे तयार नसेल, तर डिरेक्टर झालीस तरी शनिवारी दुपारी डब्यांचे फोन तुझ्याच मोबाइलवर येतील. लोकांना सवय आहे. तेव्हा माणूस आधी शोध. तुमच्या नऊ जणांत नसेल तर दहावा आण. कॉलेजात एकांकिकेला बॅकस्टेज करणारी, सेट चार मिनिटांत लावून दाखवणारी जी मंडळी होती, त्यांच्यातलं कुणीतरी आजही अशा कामाला एका पायावर तयार असेल. त्याला तुझी वही दे: सोसायटीचे सेक्रेटरी, डबेवाल्या मावशी, लाइट भाड्याने देणारा, सगळे नंबर. आणि शूटिंगच्या दोन दिवसांत तुझा फोन त्याच्या खिशात ठेव.

तुझ्या मित्राशी बोलणं टाळता येणार नाही. ग्रुपवर अजिबात नको. तिथे तो चेष्टा करेल, कुणीतरी हसण्याचा इमोजी टाकेल, आणि झालं. त्याला एकट्याला गाठ, चहाला ने. तू ‘मला डिरेक्ट करायचंय’ म्हणालीस तेव्हा त्याने बहुधा ‘तू नापास झालास’ असं ऐकलं असणार. गेल्या वर्षीची फिल्म त्याच्याही जिव्हारी लागलेली आहे, त्याने ते दाखवलं नसेल. तेव्हा असं काहीतरी म्हण: ‘गेल्या वर्षी आपण सगळ्यांनी मिळून वेळ घालवला, तुझ्या एकट्याचं काही नव्हतं. यंदा एकदा मला करून बघायचंय. तू एडिटला बस, शेवटचा कट आपण दोघं बघू. पुढच्या वर्षी पुन्हा तू.’ आळीपाळी ही गोष्ट मित्रांना पटते, कारण तिच्यात कुणाचं पद जात नाही. आणि एडिटला बसायचं मी उगाच सुचवलेलं नाही. ज्याला गेल्या वर्षी शॉट कमी पडले, तो एडिटवर हुशार होतो.

तो नाही म्हणाला तर? मग वेगळी टीम कर, पण भांडून बाहेर पडू नकोस. शहरात एकाच ग्रुपच्या दोन टीम होणं यात काही विशेष नाही. पाच जणांची टीम नऊ जणांपेक्षा पळते चांगली. तुझं पत्र वाचताना मला एक गोष्ट खटकली: हट्ट धरला तर ग्रुप फुटेल, असं तू लिहितेस, पण दोघांची बोलचाल गेल्या वर्षापासून बंद आहे हेही त्याच पत्रात आहे. म्हणजे तुझ्या गप्प बसण्याने ग्रुप सांधलेला राहिला, असं काही दिसत नाही. ते दोघं कशावरून भांडले ते तू लिहिलं नाहीस. त्यांना यंदा घ्यायचं असेल तर आधी आमनेसामने बसवा. पहाटे तीन वाजता, उपाशीपोटी, जुनी भांडणं हमखास वर येतात.

आता तो स्वस्त मार्ग. चार आठवडे आहेत म्हणतेस. येत्या शनिवारी तीन जणांना घेऊन दोन मिनिटांची फिल्म कर. एक खोली, दोन नट, सकाळी दहाला चिठ्ठी काढायची, रात्री दहाला फिल्म तयार. स्पर्धा नाही, कुणाला दाखवायची सक्ती नाही. त्या दिवशी तुला तीन गोष्टी कळतील: नटाशी बोलताना तुझी जीभ अडते का, निर्णय घेतल्यावर तू त्यावर टिकतेस का, आणि मुख्य म्हणजे तुला मजा येते का. मजा आली नाही तर हा नाद खुशाल सोड, कुणाला कारण द्यायची गरज नाही. आली, तर मित्राशी बोलायला जाताना तुझ्या फोनमध्ये दोन मिनिटांची फिल्म असेल. नुसत्या इच्छेपेक्षा ती जास्त बोलते.

स्पर्धेच्या वेळापत्रकाबद्दल माझं मत ठाम आहे: उलटं मोजत या. रविवारी साडेसातला द्यायची, तर सहाला ती गाडीत असली पाहिजे. पुण्यात रविवारी संध्याकाळचं ट्रॅफिक तुला मी सांगायला नको. म्हणजे साडेचारला शेवटचा एक्सपोर्ट. दुपारी एकपासून फक्त आवाज आणि रंग, चित्राला हात लावायचा नाही. बाराला कट पक्का. त्यासाठी एडिटरने शनिवारी दुपारपासूनच, शूटिंग चालू असताना, पहिल्या मेमरी कार्डावरून लाइनअप लावायला घ्यायचा, म्हणजे शॉट क्रमाने जोडत जायचे. शूटिंग सकाळी सातला सुरू, रात्री आठला पॅक-अप. आणि शुक्रवारी? रात्री अकराला कथा पक्की. त्या वेळेपर्यंत सर्वांनी बोलावं, भांडावं. अकरा वाजले की डिरेक्टर आणि लेखक दोघांनी दुसऱ्या खोलीत जायचं, बाकीच्यांनी झोपायचं. कथा आवडली नाही तरी झोपायचं.

आणखी एक युक्ती, जी गेल्या वर्षी तुम्हाला वाचवू शकली असती. रविवारी दुपारी तीनला, फिल्म कशीही असो, एक एक्सपोर्ट काढा आणि पेन ड्राइव्हवर टाका. रंग नाही, आवाज कच्चा, टायटल साधी, चालेल. नंतर जे होईल ते सुधारणेत गेलं. पेन ड्राइव्हही आधी तपासा. जुना, एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. आणि १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) काढलेली सात मिनिटांची फिल्म सव्वापाच जीबी भरते. मुदतीला दहा मिनिटं असताना हा शोध लागणं फार वाईट.

कथेबद्दल. नाटकवाले शॉर्ट फिल्म लिहायला बसले की पात्रं बोलत सुटतात, आणि शेवटी एक स्वगत येतं. सात मिनिटांत साधारण सात पानं मावतात, तीही मोकळी. मी तर म्हणेन पाच पानांवर थांबा. दोन पात्रं, एक अडचण, जास्तीत जास्त दोन जागा, त्याही चालत जाण्याच्या अंतरावर. पुण्यात एका जागेवरून दुसरीकडे सामानासह हलायचं म्हणजे दीड तास गेला. जागा आधी ठरवा आणि चिठ्ठी काहीही निघो, कथा त्या जागेत बसवा. कुणाचा बंद पडलेला झेरॉक्सचा गाळा असेल, कुणाच्या मामाची पिठाची गिरणी असेल. अशा जागा डोक्यात असल्या की भयकथा निघो की विनोदी, काहीतरी सुचतंच. मिळालेली वस्तू मात्र कथेच्या सांध्यात घाला. बहुतेक टीम ती टेबलावर ठेवून मोकळ्या होतात, आणि परीक्षकांना ते तिथल्या तिथे कळतं. नटांनाही एक सांगणं आहे: भरत नाट्य मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवलेला आवाज कॅमेऱ्यासमोर निम्म्याने उतरवा, चेहरा त्याहून जास्त.

आवाज, आवाज, आवाज. हौशी फिल्मला प्रेक्षक अंधुक चित्रासाठी माफ करतो, संवाद ऐकू आला नाही तर पाचव्या सेकंदाला चुळबुळ करतो. चांगला कॅमेरा भाड्याने आणायच्या पैशात दोन लेपल माइक (कपड्याला लावायचे) आणि एक बूम (दांड्यावरचा माइक) आणा आणि एक माणूस फक्त कानाला हेडफोन लावून बसवा. त्याला दुसरं काहीही काम द्यायचं नाही, चहा आणायलाही पाठवायचं नाही. शूटिंगआधी पंखे बंद, फ्रिज बंद (गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे जाताना तो चालू करायला कुणी विसरणार नाही), आणि प्रत्येक जागेचा मिनिटभर नुसता शांततेचा आवाज रेकॉर्ड करून घ्या. एडिटवर दोन संवादांच्या मध्ये तोच भरायचा असतो. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली संवादाचा सीन लावू नका, एवढं तर तुम्हाला कळलंच असेल.

मोबाइलवर शूट करणाऱ्यांसाठी: फोन आपोआप सेकंदाला ३० फ्रेमवर असतो, आणि आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली चित्र लुकलुकतं ते त्यामुळे. २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. फोनचा नेहमीचा कॅमेरा फ्रेमची गती कमी-जास्त करत राहतो, म्हणून वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅप मोफत आहे, त्यात हे सगळं पक्कं करून ठेवता येतं. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर सगळ्यात चांगल्या टेकमध्ये कुणाच्या तरी आईचा फोन येतो. कार्ड भरलं की त्याच्या दोन कॉपी दोन वेगळ्या डिस्कवर, मगच कार्ड पुसायचं.

परवानग्या: सोसायटीच्या सेक्रेटरींची लेखी, तारखेसह. रस्त्यावर ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी चौकशी करा. मेट्रो आणि रेल्वेच्या आवारात परवानगीशिवाय जाऊच नका. गाणी हिंदी-मराठी सिनेमातली अजिबात नकोत, पार्श्वभूमीला रेडिओ वाजत असला तरी. क्रिएटिव्ह कॉमन्सची, म्हणजे कलाकाराने अटी घालून वापरायला मोकळी ठेवलेली, वापरत असाल तर ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ (बदल करू नये) लिहिलेलं गाणं चित्राला जोडता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ग्रुपमध्ये कुणी बासरी किंवा गिटार वाजवणारा असेल तर प्रश्नच मिटला.

झोपेबद्दल मी जरा आजीसारखी बोलणार आहे, ऐकून घे. रात्रभर जागून पहाटे टू-व्हीलर चालवू नका आणि चालवू देऊ नका. जागरण म्हणजे निष्ठा असं हौशी ग्रुपमध्ये मानतात. निष्ठा कितीही असो, न झोपलेला डीओपी फोकस चुकवतो आणि न झोपलेला डिरेक्टर चौथा टेक बरा होता की पाचवा, हे विसरतो. शुक्रवारी पाच तास आणि शनिवारी पाच तास झोप प्रत्येकाला, एडिटरला शिफ्टने. रात्री उशिरा घरी जाणाऱ्या मुलींसाठी गाडी कोण देणार हे शुक्रवारच्या आधीच लिहून ठेवा. हे काम तू आजवर न सांगता करत आलीस, म्हणून ते कुणाच्या लक्षातही आलेलं नसेल.

आणि एक कागद. फिल्म कुणाची? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा कर्ता निर्माता मानला जातो. तुमच्यात निर्माता कोण, हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर उद्या एखाद्या महोत्सवाने फिल्म मागितली, किंवा कुणी घाईत ती यूट्यूबवर टाकली आणि त्यामुळे महोत्सवाचं दार बंद झालं, की तेव्हा खरी भांडणं लागतात. एका पानावर लिहा: खर्च कुणी किती घातला, बक्षीस आलं तर कसं वाटायचं, फिल्म कुठे लावायची हे कोण ठरवणार. नऊ सह्या. मित्रांत कागद कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. गेल्या वर्षीच्या बंद झालेल्या बोलचालीकडे बोट दाखव.

त्याच बैठकीत क्रेडिटची यादीही करून टाक. प्रत्येकाला विचार, तुझं नाव पडद्यावर कसं हवं. आईचं नाव मधे घालायचंय का, आडनाव नकोय का, ऱ्हस्व-दीर्घ कसं. रविवारी दुपारी घाईत टाइप केलेल्या नावांत एकाचं हटकून चुकतं, आणि चुकतं ते नेमकं ज्याने सगळ्यात जास्त घाम गाळला त्याचं.

दोन मिनिटांची फिल्म झाली की सदराच्या पत्त्यावर पाठव. मी आधी डोळे मिटून ऐकेन, मग बघेन.